मामाच्या उधारीच्या वहीसाठी कुठली लिस्प घेऊ?

दादा म्हणून विचारलंयस म्हणून सरळ अरेतुरेवर येतो. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न आधी सांगतो: तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पायथन बऱ्यापैकी येतं, आता लिस्प (सगळा कोड कंसांत लिहायच्या प्रोग्रामिंग भाषांचं घराणं) शिकायची खाज सुटलीय, आणि नुसते पुस्तकातले फॅक्टोरियल काढत बसण्यापेक्षा मामाच्या हार्डवेअरच्या दुकानातली उधारीची वही कॉम्प्युटरवर आणायची असं डोक्यात आहे. घरी ८ जीबीचा लॅपटॉप, दुकानात ४ जीबीचं जुनं विंडोज मशीन. यादी काढलीस तर एसबीसीएल, सीसीएल, ईसीएल, सीलिस्प, रॅकेट, गाइल, चिकन, शे, क्लोजर अशी वीसेक नावं निघाली, प्रत्येकाचे भक्त आपलीच सगळ्यात फास्ट म्हणून सांगतायत, आणि तू महिनाभर तुलनाच वाचतोयस.

वेगाचे तक्ते आधी बंद कर. दुकानात चारशे गिऱ्हाईकं आहेत म्हणालास, रोजच्या पन्नास नोंदी धरल्या तरी हे गणित यातली सगळ्यात मंद लिस्पसुद्धा तू एंटर दाबून बोट उचलायच्या आत करते. मी सतरा-अठरा वर्षं या भाषांमध्ये पैसे घेऊन काम केलंय आणि वेग कमी पडला म्हणून इम्प्लिमेंटेशन (म्हणजे भाषा प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायची वेळ माझ्यावर एकदाच आली. बाकी सगळ्या वेळी अडलं ते दोन ठिकाणी: चूक झाली की समोर काय दिसतं, आणि तयार झालेला प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर कसा न्यायचा. या दोनच गोष्टी बघून निवड, बाकी सगळं नंतर.

त्याआधी एक फरक समजून घे, कारण तुझ्या यादीत तू सगळं एकाच पोत्यात भरलंयस. कॉमन लिस्प ही एक भाषा आहे, तिचं एएनएसआय स्टँडर्ड १९९४ चं, जाडजूड, आणि एसबीसीएल, सीसीएल, ईसीएल, सीलिस्प, एबीसीएल, शिवाय पैसे देऊन मिळणाऱ्या लिस्पवर्क्स आणि अॅलेग्रो ही सगळी त्या एकाच भाषेची दुकानं. म्हणजे इथे चुकीचं दुकान निवडलंस तरी फार बिघडत नाही, आज एसबीसीएलवर लिहिलेलं बहुतेक सगळं उद्या ईसीएलवर चालतं, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि डीएलएल (दुसऱ्या भाषेतल्या तयार कोडच्या फाईली) यांची भानगड तेवढी कम्पॅटिबिलिटी लायब्ररीतून न्यायची. स्कीमचं तसं नाही. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांनी ती काढली तेव्हापासून ती मुद्दाम लहान ठेवलेली, १९९८ चा आर५आरएस हा तिच्या नियमांचा दस्तऐवज म्हणजे सगळी भाषा पन्नास पानांत, आणि पन्नास पानांत फाईल-डेटाबेस-नेटवर्क-खिडक्या बसत नाहीत, त्यामुळे ते ज्याचं त्यानं आपापलं केलं. पुढे २००७ ला आर६आरएस आला तो अर्ध्या लोकांनी घेतला अर्ध्यांनी नाही, २०१३ ला आर७आरएसची छोटी आवृत्ती आली. थोडक्यात गाइलमध्ये लिहिलेला खराखुरा प्रोग्राम उचलून चिकनमध्ये टाकता येत नाही. स्कीममध्ये इम्प्लिमेंटेशन निवडणं म्हणजेच भाषा निवडणं, तिथे जपून. आणि क्लोजर हे तिसरंच घराणं, रिच हिकीने २००७ मध्ये आणलेलं, जावाच्या जेव्हीएमवर (जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनवर) बसलेलं.

आता एसबीसीएल, कारण माझं रोजचं काम त्यात आहे. १९९९ च्या शेवटी सीएमयूसीएल या जुन्या कॉमन लिस्पमधून फुटून निघालेली, नावातलं स्टील बँक म्हणजे कार्नेगीचं स्टील आणि मेलनची बँक, कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीवरचा विनोद. तिच्या आतल्या कंपायलरचं (कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या भागाचं) नाव पायथन आहे, तुला येतं त्या पायथनशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण वॉर्निंग वाचताना दचकू नकोस. हा कंपायलर थेट मशीन कोड काढतो आणि टाइप जुळत नसतील तर चालवायच्या आधीच कुरकुर करतो. पण मी एसबीसीएलला चिकटून राहिलो ते डीबगरमुळे, म्हणजे चूक शोधायच्या सोयीमुळे. पायथनमध्ये एरर आली की ट्रेसबॅक छापून प्रोग्राम मरतो, कॉमन लिस्पमध्ये तो मरत नाही, थांबतो. एकदा एका क्लाएंटच्या जुन्या बिलांचा डेटा रात्री चालवायला लावला होता, तीनेक तासांनी एका बिलात प्रमाण शून्य निघालं आणि भागाकार फसला. सकाळी येऊन बघतो तर प्रोग्राम त्याच ओळीवर उभा, सगळी व्हेरिएबल्स जिवंत, समोर पर्यायांची यादी. ते फंक्शन एडिटरमध्ये दुरुस्त केलं, एकट्या त्या फंक्शनला पुन्हा कंपाइल केलं, डीबगरमध्ये त्याच फ्रेमवर आर दाबलं आणि काम तिथूनच पुढे सुरू झालं. तीन तास वाचले. हे ज्याने एकदा केलं त्याला बाकी कुठे करमत नाही, खरंच. (यासाठी ऑप्टिमाइझमध्ये डीबग ३ लावून ठेव, नाहीतर कंपायलर हुशारी करून व्हेरिएबल्स गाळून टाकतो आणि फ्रेम परत सुरू करायचा पर्यायही कधीकधी मिळत नाही.)

पण हे सुख ईमॅक्स हा एडिटर आणि त्याला लिस्पशी जोडणारं स्लाइम किंवा स्लाय या जोडीबरोबर आहे. लिनक्स किंवा मॅकवर नुसत्या काळ्या खिडकीत एसबीसीएल उघडलीस तर बाणाचं बटण दाबून मागची ओळसुद्धा येत नाही, विचित्र अक्षरं उमटतात. म्हणजे तुला एकाच वेळी लिस्प, ईमॅक्स आणि क्विकलिस्प (लायब्ररी उतरवून देणारं साधन) असं तीन ठिकाणी शिकावं लागणार. लोक इथेच कंटाळून सोडतात आणि दोष कंसांना देतात.

दुसऱ्याच्या मशीनवर नेण्याचं एसबीसीएलमध्ये असं आहे: सेव्ह-लिस्प-अँड-डाय नावाचं फंक्शन आहे, ते मेमरीतलं सगळं जसंच्या तसं उचलून एका एक्झी फाईलमध्ये ठेवतं आणि खरोखर मरतं. फाईल साधारण ३०-४० एमबीची, नुसतं नमस्कार छापणारी असली तरी, कारण अख्खा कंपायलर आत बसलेला असतो. हे स्लाइममधून करायला गेलास तर नाही होणार, कारण स्लाइमचे स्वतःचे थ्रेड चालू असतात आणि एकाहून जास्त थ्रेड असताना ती सेव्ह करायला नकार देते. साध्या टर्मिनलमधून कर. आणि सी मधली एखादी डीएलएल वापरली असशील, म्हणजे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेससाठी वापरावीच लागेल, तर प्रोग्राम उघडताना ती डीएलएल तू लोड केलीस त्याच रस्त्यावर शोधतो. माझा पहिला असा प्रोग्राम क्लाएंटच्या मशीनवर माझ्या डी ड्राइव्हमधलं फोल्डर शोधत होता, समोर चार माणसं उभी होती आणि मी घाम पुसत होतो. नुसतं नाव दे, पूर्ण रस्ता देऊ नकोस, आणि डीएलएल एक्झीच्या शेजारी ठेव.

मेमरीचंही एक. एसबीसीएल सुरू होताना तिला कमाल किती मेमरी वापरायची ते ठरलेलं असतं, डायनॅमिक-स्पेस-साइझ हा पर्याय देऊन ते बदलता येतं. ती मर्यादा संपली की कधीकधी तो छान डीबगरसुद्धा येत नाही, हीप एक्झॉस्टेड गेम ओव्हर असं छापून ती खाली बसते. मोठी फाईल एका घोटात स्ट्रिंगमध्ये वाचणारे नवशिके हे दुसऱ्याच आठवड्यात बघतात.

बाकीच्या कॉमन लिस्प पटकन उरकतो. सीसीएल मला मनापासून आवडते, कंपाइल इतक्या झटक्यात होतं की कळत नाही, पण अॅपलच्या एम चिपवर ती थेट चालत नाही, म्हणून मॅकवाल्यांना आता सांगत नाही. सीलिस्प जुन्या ट्युटोरियलमध्ये सगळीकडे दिसेल, तिची २.४९ आवृत्ती २०१० ची आहे, बाइटकोडवर चालते म्हणून हिशोबात मंद, पण काळ्या खिडकीत मागची ओळ नीट येते, हलकी आहे, एखाद्या जुन्या मशीनवर चाखून बघायला ठीक. ईसीएल तुझ्या कोडचं सी मध्ये भाषांतर करून मग सीचा कंपायलर बोलावते, आधीच्या सी प्रोग्राममध्ये लिस्प घुसवायची असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही, तुला ती गरज नाही. लिस्पवर्क्स: खिडक्या-बटणं बनवायची सगळ्यात सरळ सोय यांच्याकडे, पण फुकटच्या पर्सनल आवृत्तीत मेमरीला मर्यादा आणि पाच तासांनी सेशन बंद होतं. मामाच्या दुकानाला ते परवडणार नाही, तुलाही.

रॅकेट. तुझ्यासाठी माझं उत्तर हेच आहे, माझं रोजचं काम त्यात नसूनही. पूर्वी पीएलटी स्कीम म्हणायचे, २०१० मध्ये नाव बदललं. २०२१ च्या ८.० आवृत्तीपासून आतलं इंजिन शे स्कीमचं आहे. शे म्हणजे केंट डिबव्हिग यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला कंपायलर, पुढे सिस्कोकडे गेला आणि सिस्कोने २०१६ मध्ये तो खुला केला, म्हणजे वेगाची चिंता तिथेही नाही. एक इन्स्टॉलर, नेक्स्ट-नेक्स्ट, आणि डॉक्टर-रॅकेट नावाचा एडिटर समोर. वर कोड, खाली चालवायची जागा. एरर आली की कुठल्या कंसात आली ते तिथल्या तिथे रंगवून दाखवतो, व्हेरिएबलवर माउस नेला की ते कुठे ठरवलं आणि कुठे वापरलं याचे बाण उमटतात. चालू प्रोग्राम थांबवून, दुरुस्त करून पुढे नेणं इथे नाही, फाईल बदलली की रन दाबायचं आणि पहिल्यापासून. मला ते खुपतं, तुला पायथनवरून येताना जाणवणारही नाही.

तुझ्या कामाचं म्हणजे डेटाबेसची लायब्ररी बरोबरच येते आणि विंडोजच्या रॅकेटमध्ये एसक्यूलाइटची डीएलएलही आत दिलेली असते, वर माझा जो घाम निघाला तो तुझा निघणार नाही. प्रोग्राम तयार झाला की राको एक्झी, आणि मग राको डिस्ट्रिब्यूट या कमांड दिल्या की एक फोल्डर मिळतं, ते पेनड्राइव्हवर टाकून दुकानात न्यायचं, तिथे रॅकेट टाकायची गरज नाही. काळी खिडकी मागे दिसायला नको असेल तर एक्झी बनवताना जीयूआयचा (खिडक्या-बटणांचा) पर्याय दे. फाईलच्या पहिल्या ओळीत पूर्ण रॅकेट न घेता रॅकेट-बेस घे आणि लागेल ते वेगळं मागव, उघडायला लागणारा वेळ दुकानातल्या ४ जीबीच्या मशीनवर स्पष्ट कमी होतो. आणखी एक गंमत, डॉक्टर-रॅकेट तुझ्या प्रोग्रामला स्वतःहून १२८ एमबीची मर्यादा लावतो. मोठी फाईल वाचताना मेमरी संपली म्हणाला तर घाबरू नकोस, मेनूतून वाढव, बाहेर टर्मिनलमध्ये ती मर्यादा नसते.

खिडक्यांचा विषय काढलास म्हणून. इथेच घोडं पेंड खातं, लिस्पच्या कुठल्याही घराण्यात. कॉमन लिस्पमध्ये टीके वापरणारी लायब्ररी आहे पण तिला टीसीएल-टीके वेगळं टाकावं लागतं, मॅकक्लिम ही दुसरी लायब्ररी लिनक्सवर ठीक, विंडोजवर डोकेदुखी. रॅकेटची स्वतःची जीयूआय लायब्ररी तिन्हीकडे चालते, त्यातल्या त्यात ती बरी. पण मी तुझ्या जागी असतो तर खिडकी ब्राउझरची वापरली असती. रॅकेटच्या वेब-सर्व्हरमधलं सर्व्ह-सर्व्हलेट हे फंक्शन बोलावलं की ते त्याच मशीनवर पोर्ट ८००० वर बसतं आणि ब्राउझर आपोआप उघडतं, बाहेरच्या कुणाला दिसत नाही, इंटरनेट लागत नाही. पावती छापायची तर कंट्रोल-पी. शिवाय मराठी अक्षरं जोडून दाखवायचं सगळं काम ब्राउझर करतो, आणि गिऱ्हाइकांची नावं मराठीत हवीत म्हणालास ना, मग हा मुद्दा लहान नाही. जीयूआयच वापरायची असेल तर आधी नुसतं एक टेक्स्ट-फील्ड असलेली रिकामी खिडकी बनव, त्यात स्त्री, ज्ञानेश्वर, कुऱ्हाडे असं टाईप कर, मग बॅकस्पेस मारून बघ काय होतं. ते पटलं तरच पुढे जा.

मराठीवरून आठवलं, कुठलीही नवी लिस्प हातात आली की मी पहिली हीच परीक्षा घेतो: "मराठी" या शब्दाची लांबी विचारायची. एसबीसीएल, रॅकेट, क्लोजर तिघीही ५ सांगतात, म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी. चिकनची पाचवी आवृत्ती १५ सांगते, कारण तिथे स्ट्रिंग म्हणजे बाइट आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, वेगळी लायब्ररी घेतली की ५ येतात. आपण माणसं ३ म्हणतो, आणि ते ३ हवे असतील तर रॅकेटमध्ये स्ट्रिंग-ग्राफीम-काउंट आहे. नावं कापून पावतीत बसवायची असतील तर हेच वापर, नाहीतर वेलांटी एका ओळीवर आणि ठ दुसऱ्या ओळीवर. आणि यादी वर्णानुक्रमाने लावताना युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. त्यामुळे साधं सॉर्ट केलंस तर काळे आधी आणि कावळे नंतर येतील, मामा वहीत उलटं शोधेल आणि तुला शिव्या घालेल. हे कुठल्याही भाषेत होतं, लिस्पचा दोष नाही, पण तुलना करणारं दहा ओळींचं फंक्शन स्वतः लिहावं लागेल आणि लिस्पमधला पहिला खरा गृहपाठ म्हणून ते झकास आहे.

क्लोजरबद्दल विचारलंयस की नोकरी त्यातच मिळते ना. बऱ्याच अंशी हो, पुण्यातल्या हेल्पशिफ्टसारख्या कंपनीने ती वर्षानुवर्षं वापरलीय, आणि जावाच्या सगळ्या लायब्ररी फुकटात मिळतात. पण जेव्हीएम उठायला वेळ घेते, ४ जीबीत ब्राउझर आणि जेव्हीएम शेजारी बसले की दोघंही एकमेकांना कोपर मारतात, आणि एरर आली की जावाचा हातभर लांब स्टॅक ट्रेस येतो ज्यात तुझ्या स्वतःच्या ओळी दोन. जावा आधी येत असेल तर ठीक, तुला येत नाही म्हणालास. छोट्या स्क्रिप्टसाठी बबाश्का नावाचं प्रकरण मात्र जरूर बघ, तेच क्लोजर पण चुटकीसरशी उघडतं.

गाइल ही ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची, गिक्स नावाचं अख्खं पॅकेज मॅनेजर तिच्यात लिहिलंय, लिनक्सवर सुरेख, विंडोजवर जाऊ नकोस. एमआयटी स्कीम लोक एसआयसीपी हे गाजलेलं पुस्तक वाचायला म्हणून सुचवतात, त्यासाठीही रॅकेटमध्ये एसआयसीपी नावाचं पॅकेज टाकून पहिल्या ओळीत तेवढं लिहिलं की काम होतं. आणि ईमॅक्स आधीच वापरत असशील तर काखेत कळसा गावाला वळसा, त्याच्या पोटात लिस्पच आहे, २८ व्या आवृत्तीपासून मशीन कोडही काढता येतो, फक्त दुकानात मामाला ईमॅक्स उघडून देऊ नकोस. मामाकडे येणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांना विचार, ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये "ती लिस्प लोड कर" म्हणणारा एखादा नक्की भेटेल. ऑटोलिस्प १९८६ पासून तिथे आहे, आणि त्यातल्या कित्येकांना आपण प्रोग्रामिंग भाषेचं नाव घेतोय हेही माहीत नसतं.

तर माझं म्हणणं, लॅपटॉपवर आजच रॅकेट टाक आणि वही त्यातच बनव. वही चालू झाल्यावर सुट्टीत एसबीसीएल, ईमॅक्स आणि स्लाइम लाव, तेच सॉर्टचं फंक्शन तिथे पुन्हा लिही, मुद्दाम एरर काढ आणि डीबगरमध्ये बसून दुरुस्त कर. एका बैठकीत कळेल मी कशाबद्दल बोलत होतो.

दुकानात नेताना दोन गोष्टी. नवीन, कुणीच न पाहिलेली एक्झी दिसली की अँटीव्हायरस तिला चोर समजतो, माझी एक फाईल डबल-क्लिक केल्यावर नुसती गायब झाली होती आणि मी तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो, तेव्हा आधी ते फोल्डर वगळायला सांग. आणि त्या जुन्या मशीनवर कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ३२ बिट आहे का ६४ ते आजच बघून घे. ३२ निघालं तर तुझ्या लॅपटॉपवरही ३२ बिटचंच रॅकेट टाकून त्यातून एक्झी काढावी लागेल, ६४ ची तिथे उघडणारच नाही.